बियाण्यावर ओरडणारा भेक : लहान पोरांना हसवत धीर देणाऱ्या अर्नोल्ड लोबेल यांच्या गोष्टी

पेरणी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात जाऊन उगवलंय का म्हणून माती उकरून बघितली. असा उतावळेपणा केला नाही असा शेतकरी सापडणं अवघड. नेमकी हीच गोष्ट एका अमेरिकन लेखकाने लहान मुलांसाठी लिहून ठेवली आहे. फक्त त्यात शेतकरी नाही, भेक आहे.

भेक म्हणजे आपल्या अंगणात पावसाळ्यात रात्री दिव्याखाली किडे खायला येतो तो. अंग खरबरीत, फोडं आल्यासारखं, रंग मातकट, उड्या आखूड. विहिरीतला गुळगुळीत हिरवा तो बेडूक. गावाकडे दोघांनाही बेडूकच म्हणतात, पण पुस्तकी मराठीत यांची नावं वेगळी. अर्नोल्ड लोबेल यांनी या दोघांना कोट-विजार घातली, वेगवेगळी घरं दिली आणि जिवलग दोस्त केलं. 1970, 1972, 1976 आणि 1979 अशी चार पुस्तकं आली. प्रत्येकात पाच, म्हणजे एकूण वीस छोट्या गोष्टी. पन्नास वर्षं उलटून गेली तरी इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या हातात ही पुस्तकं अजून दिली जातात.

बियाण्याची गोष्ट अशी. बेडकाची बाग बघून भेकालाही बाग करावीशी वाटते. बेडूक त्याला फुलझाडांचं बी देतो. भेक बी लावतो आणि लगेच त्याला उगवायचा हुकूम सोडतो. उगवत नाही. मग जमिनीला तोंड लावून मोठ्याने सांगतो, मग ओरडतो. आवाज ऐकून बेडूक पळत येतो. म्हणतो, अरे, तू ओरडतोस म्हणून बी घाबरलंय. थोडे दिवस ऊन लागू दे, पाऊस पडू दे. आता भेकाला नवीच काळजी. अंधाराची भीती वाटू नये म्हणून तो रात्री मेणबत्त्या लावून बियाण्याला गोष्ट वाचून दाखवतो. पुढचे दिवस गाणी, कविता, वाजवणं. शेवटी दमून झोपतो. जाग येते तेव्हा कोंब वर आलेले असतात. आणि भेक म्हणतो काय, तर बाग करणं खरंच लई कष्टाचं काम आहे!

ऊन-पावसाने केलेलं काम भेक आपल्या नावावर घेतो, यावर मोठा माणूस हसतो. पोरगं वेगळ्या कारणाने हसतं. त्याला माहीत असतं की बियाण्याला कान नसतात. भेकाला जे कळत नाही ते आपल्याला कळतं, याचा आनंद सहा-सात वर्षांच्या पोराला फार मोठा असतो. कारण दिवसभर त्याला हेच ऐकावं लागतं, तुला काही कळत नाही.

लोबेल यांची युक्ती इथेच आहे. भेक हे लहान मूलच आहे: घाईचं, रुसणारं, भित्रं. बेडूक त्याच्यापेक्षा थोडा शहाणा, पण रागावत नाही आणि उपदेशही करत नाही. एका गोष्टीत भेकाला पत्र कधीच येत नाही म्हणून तो रोज दुःखी बसलेला. बेडूक गुपचूप घरी जाऊन त्याला पत्र लिहितो आणि पोचवायला देतो कुणाकडे, तर गोगलगायीकडे. बेडूक सारखा खिडकीतून बघतोय, गोगलगाय काही येत नाही. शेवटी त्याला सांगावं लागतं की पत्र मीच लिहिलंय, आणि त्यात काय लिहिलंय तेही. मग दोघं ओट्यावर शेजारी बसून त्याच पत्राची वाट बघतात. गोगलगाय चार दिवसांनी पोचते. पत्रात काय आहे हे आधीच कळलेलं असूनही भेकाला आनंद होतो.

आता हे लिहिणारा माणूस कसा होता तेही बघू. लोबेल यांचा जन्म 22 मे 1933 चा, लॉस एंजेलिसचा. आई-वडील वेगळे झाले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावात आजी-आजोबांनी त्यांना वाढवलं. दुसरीच्या वर्षात आजारपणामुळे बरीच शाळा बुडाली. परत गेल्यावर वर्गात एकटे पडले, तेव्हा प्राण्यांची चित्रं काढून, गोष्टी सांगून पोरांना आपलंसं केलं. पुढे चित्रकला शिकताना अनिता केम्प्लर भेटल्या. त्या पोलंडमधल्या ज्यू, लहानपणी नाझी छळछावणीतून वाचलेल्या. त्याही मुलांच्या पुस्तकांच्या नामांकित चित्रकार झाल्या. दोघांचं लग्न झालं, एक मुलगी, एक मुलगा. व्हरमाँट राज्यात उन्हाळ्यात तळ्याकाठी राहायला गेले की पोरं बेडूक आणि भेक धरून आणायची. पात्रं तिथून आली.

1974 मध्ये लोबेल यांनी घरच्यांना सांगितलं की आपल्याला पुरुषांविषयी ओढ आहे. त्या काळात अमेरिकेतही हे बोलणं सोपं नव्हतं. दोन दोस्तांच्या या गोष्टींमध्ये वडिलांचं ते मन असावं, असं त्यांच्या मुलीने पुढे सांगितलं. 4 डिसेंबर 1987 रोजी एड्सने त्यांचं निधन झालं, वय अवघं 54. एकटं पडणं म्हणजे काय हे ज्याला लहानपणीच कळलं, त्याच्याच हातून सोबतीच्या अशा गोष्टी लिहून झाल्या असणार.

त्यांचं घुबडाचं पुस्तकही मजेशीर आहे. घुबड एकटंच राहतं. झोपताना पांघरुणाखाली दोन उंचवटे दिसतात म्हणून घाबरून पलंग मोडेपर्यंत उड्या मारतं. ते उंचवटे म्हणजे त्याचेच पाय! दुसऱ्या गोष्टीत ते मुद्दाम दुःखाचे विचार करतं. पाय मोडलेल्या खुर्च्या, वापरून संपलेल्या पेन्सिली. किटली भरेपर्यंत रडतं, आणि त्या पाण्याचा चहा करून पितं. थोडा खारट, पण चांगला लागतो म्हणे. रडणाऱ्या पोराला गप्प बस म्हणण्यापेक्षा हे बरं.

या गोष्टी इतक्या सोप्या का, त्यालाही कारण आहे. 1955 च्या सुमारास अमेरिकेत ओरड सुरू झाली होती की पोरांना वाचता येत नाही. शाळेतली पुस्तकं अशी की एकच वाक्य फिरवून फिरवून, त्यात ना गंमत ना गोष्ट. 1957 मध्ये हार्पर प्रकाशनाने नव्याने वाचणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तकमाला काढली, त्यातच पुढे लोबेल आले. शब्द रोजचे, वाक्य लहान, ओळ अशी तोडलेली की पोराचा श्वास जिथे थांबतो तिथेच ती संपते. तोच शब्द परत येतो, पण गोष्टीला गरज आहे म्हणून येतो. आणि चित्र बघून अडलेल्या शब्दाचा अंदाज लागतो.

मराठीत हे जमवायला वेगळी मेहनत लागेल. आपल्याकडे पोरगं अडतं ते जोडाक्षरावर, रफारावर, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीवर. पहिलीच्या पोरासाठी लिहिताना ‘मित्र’ लिहायचं की ‘दोस्त’, हाही विचार करावा लागतो. शिवाय पुस्तकातली बोली घरच्या बोलीपेक्षा लांब असली की अक्षर ओळखूनही अर्थ लागत नाही. आदिवासी पाड्यांवर तर ही अडचण दुप्पट.

मोबाईल हातात असेल तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सने 2015 मध्ये ते सुरू केलं. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, पहिली पातळी अगदी सुरुवातीच्या वाचकाची. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी-हिंदी बालपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. आणि वाचायचा कंटाळा असेल त्या रात्री भेकाच्या बियाण्याची गोष्ट तोंडी सांगितली तरी चालते. भेकाचा आवाज मात्र मोठा काढावा लागतो, पोरं तिथंच जास्त हसतात.