सकर माशाची पिल्ले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्लेको म्हणजे लोरिकॅरिडी कुळातले मासे. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत आणि डोक्याच्या खालच्या बाजूला काचेला चिकटणारे तोंड ही त्यांची ओळख. हे कुळ मूळचे दक्षिण अमेरिकेचे आणि मध्य अमेरिकेच्या दक्षिण टोकाचे. त्यात 1000 हून अधिक जाती आहेत. नाशिकच्या मत्स्यालयाच्या दुकानांत मात्र या सगळ्यांना एकच नाव आहे : 'सकर'. प्रत्यक्षात त्या नावाखाली मुख्यतः दोन वेगळे मासे विकले जातात. स्वस्त, काळपट आणि ठिपक्यांचा असतो तो टेरिगोप्लिक्थिस. आकाराने लहान, नाकावर मिशांसारखे मांसल कोंब फुटणारा असतो तो अँसिस्ट्रस, म्हणजेच ब्रिसलनोज. घरच्या टाकीत पिल्ले मिळतील की नाही, हे यांपैकी कोणता मासा आणला आहे यावर ठरते.

मुख्य गैरसमज : सकरची जोडी दोन फुटी टाकीत सोडली की वर्षभरात पिल्ले होतात

हा सल्ला दुकानाच्या काउंटरवर मिळतो, हौशी मंडळींच्या गप्पांत मिळतो आणि चुकीचा असूनही मोठ्या खात्रीने दिला जातो. तीन-चार इंचांचे दोन काळे सकर पिशवीत भरले जातात आणि एक नर, दुसरी मादी असे सांगितले जाते. या वयात टेरिगोप्लिक्थिसचे नर-मादी बाहेरून पाहून ओळखताच येत नाहीत. त्यामुळे 'जोडी' या शब्दाला इथे काहीही आधार नसतो. शिवाय हा मासा साधारण पाऊण ते एक फूट लांब होईपर्यंत वयातच येत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर त्याची लांबी 40 ते 50 सेंटिमीटर भरते. दोन फुटी टाकी 60 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद असते. अशा टाकीत पूर्ण वाढलेल्या सकरला धड वळताही येत नाही, मग जोडी जमवणे दूरच.

खरी अडचण आकाराच्याही पुढची आहे. टेरिगोप्लिक्थिस उघड्यावर अंडी घालत नाही. नर नदीच्या किंवा तळ्याच्या मातीच्या काठात आडवे बीळ खोदतो. त्याची खोली सुमारे अर्धा ते एक मीटर असते. मादी त्या बिळात अंडी घालते आणि नर आत राहून राखण करतो. एका खेपेची अंडी काही शेकडो ते काही हजार असू शकतात. काचेच्या टाकीत काठ नसतो, खोदायला माती नसते आणि मीटरभर आत जाण्याइतकी जागाही नसते. उत्तम खाद्य, महागडा फिल्टर किंवा आणखी दोन वर्षांचा धीर यांपैकी कशानेही ही उणीव भरून निघत नाही. बाजारात येणारे छोटे सकर कोणाच्या दिवाणखान्यात जन्मलेले नसतात. व्यावसायिक शेतीत ते मातीच्या तलावांत वाढवले जातात, कारण तिथे काठ असतो.

तरीही शंका असेल तर उजनीचे उदाहरण पाहावे. काचेच्या टाकीत वर्षानुवर्षे एकही अंडे न देणारा हाच मासा भीमेवरील उजनी जलाशयात कोणीही न पाळता वाढला आणि मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला. त्याला बाजारात भाव नाही. त्याचे टणक काटे जाळ्यात अडकतात आणि तो सोडवताना जाळे फाटते. सप्टेंबर 2020 मध्ये वाराणसीजवळ रामनगर येथे गंगेतही तो सापडला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्यातील डीएनए तपासून पूर्व घाटातील जलसाठ्यांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी त्याच्या खुणा मिळाल्या. एवढा प्रसार होणारा मासा 'पिल्ले देत नाही' असे कोणीच म्हणणार नाही. तो पिल्ले भरपूर देतो, पण त्याला मातीचा काठ लागतो.

दुकानात फसगत टाळण्याचा उपाय सोपा आहे. मासा काचेला चिकटून पाठीवरचा पर उभारतो, तेव्हा पराच्या काड्या मोजाव्यात. पुढच्या जाड काट्यामागे टेरिगोप्लिक्थिसला नऊ किंवा अधिक मऊ काड्या असतात, त्यामुळे त्याचा पर शिडासारखा लांब दिसतो. अँसिस्ट्रसला बहुधा सातच काड्या असतात. रंगावर विसंबू नये. 'पांढरा सकर' म्हणून विकला जाणारा अल्बिनो दोन्ही प्रकारांत मिळतो.

मग छोट्या टाकीत कोणता प्लेको पिल्ले देतो?

अँसिस्ट्रस देतो, आणि बऱ्यापैकी सहज देतो. तो 12 ते 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि साधारण वर्षभरात वयात येतो. नराच्या नाकावर आणि कपाळावर फांद्या फुटलेले लांब कोंब असतात. मादीला ते नसतात किंवा ओठाच्या कडेपुरते आखूड असतात. म्हणजे इथे जोडी डोळ्यांनी निवडता येते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे 85 लिटर पाणी मावते. एका जोडीला एवढी टाकी पुरते. तीत दोन नर ठेवले तर गुहेवरून भांडणे ठरलेलीच.

या माशालाही बंदिस्त जागा लागते, पण ती माणसाला बनवून देता येते. बांबूचा तुकडा, मातीची नळी किंवा एका टोकाला बंद केलेला पीव्हीसी पाइप चालतो. लांबी 12 ते 15 सेंटिमीटर असावी आणि तोंड नराच्या अंगापेक्षा थोडेसेच रुंद असावे. ऐसपैस गुहा नर टाळतो, कारण तिचे तोंड त्याला अंगाने अडवता येत नाही. नर शेपटीने गुहा झाडून घेतो आणि मादी आत शिरली की दाराशी आडवा होतो. अंडी नारिंगी, एकमेकांना चिकटलेली आणि द्राक्षाच्या घडासारखी दिसतात. ती बहुधा 30 ते 100 असतात. त्यानंतर मादी निघून जाते. नर दिवसरात्र परांनी अंड्यांवर पाणी ढकलत राहतो आणि बुरशी धरलेली अंडी वेचून काढतो. अंडी 4 ते 6 दिवसांत फुटतात. पिल्ले पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन आणखी आठवडाभर गुहेतच चिकटून राहतात आणि पिशवी संपली की बाहेर पडतात.

नराच्या मिशांबद्दल एक लक्षवेधी मांडणी आहे. साबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या संशोधकांनी 1999 मध्ये असे सुचवले की नाकावरचे कोंब मादीला पिल्लांसारखे भासत असावेत. पिल्ले सांभाळणारा नर मादीला अधिक पसंत पडतो, म्हणून पिल्ले नसतानाही ती असल्याचा हा देखावा उपयोगी ठरत असावा. हे गृहीतक आहे, पण नर चांगला बाप असतो हे निरीक्षण पक्के आहे.

नाशिकमध्ये खरा अडथळा हिवाळ्याचा आहे. अँसिस्ट्रसला 24 ते 27 अंश सेल्सिअस पाणी मानवते. डिसेंबर-जानेवारीत शहराचे किमान तापमान 10 अंशांखाली उतरते आणि निफाडला पारा त्याहूनही घसरतो. त्यामुळे हीटर लागतोच. गंगापूर धरणातून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते थेट नळातून टाकीत सोडू नये. रात्रभर उघडे ठेवावे किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाकावेत. बोअरवेलचे पाणी अनेकदा जड असते, ते तपासून घ्यावे. जोडी तयार असूनही अंडी येत नसतील तर टाकीतील तिसरा हिस्सा पाणी बदलून दोन-तीन अंश थंड पाणी भरावे. मूळ नद्यांतल्या पावसाळ्याची ही नक्कल बरेचदा लागू पडते.

पिल्ले मरतात ती बहुधा भुकेने. सगळे लक्ष अंड्यांवर असते आणि बाहेर पडलेल्या पिल्लांना काचेवरच्या शेवाळावर सोडून दिले जाते. ते शेवाळ दोन दिवसांत संपते. उकळत्या पाण्यातून काढलेले दुधी, काकडी किंवा पालक यांचे तुकडे रोज द्यावेत आणि उरलेले त्याच दिवशी काढावेत. फिल्टर स्पंजचाच असावा, कारण पॉवर फिल्टर पिल्ले ओढून घेतो. लाईट गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा.

इतर गैरसमज, थोडक्यात

*सकर टाकीतली घाण खातो.* खात नाही. तो शेवाळ, भाजी आणि उरलेले खाद्य खातो आणि टाकीतल्या बहुतेक माशांपेक्षा जास्त विष्ठा करतो. पाणी बदलण्याचे काम माणसाचेच आहे.

*मासा टाकीएवढाच वाढतो.* कोंडलेल्या माशाची वाढ खुंटते आणि आयुष्य घटते. ती सोय नसून आजार आहे.

*नर अंडी खातो, म्हणून त्याला बाजूला काढावे.* तो खराब अंडी काढतो. त्याला हलवले की चांगल्या अंड्यांनाही बुरशी लागते.

*प्लेको लाकडावर जगतो.* लाकूड कुरतडणाऱ्या जातींवर डोनोव्हन जर्मन यांनी 2009 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. लाकूड चार तासांच्या आत आतड्यातून बाहेर पडते आणि त्याचे पचन जवळजवळ होत नाही. पोषण मिळते ते लाकडासोबत पोटात जाणाऱ्या कुजक्या सेंद्रिय थरातून.

*झेब्रा प्लेकोची जोडी घेतली की लखपती.* हा मासा निसर्गात फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीत आढळतो, एका वेळी मोजकीच अंडी देतो आणि साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. कागदपत्रांशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

*मोठा झालेला सकर गोदावरीत सोडला तर पुण्य लागते.* सर्वांत घातक समजूत हीच. हा मासा हवा गिळून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे सांडपाण्यातही तगतो, आणि नदी त्याला टाकीत नसलेला मातीचा काठ देते. त्याच्या बिळांमुळे काठ ढासळतात. मेक्सिकोतील इन्फिएर्नियो जलाशयात याच कुळातील माशांनी तिलापियाची मोठी मासेमारी संकटात आणली. नाशिकच्या खाली, गोदावरी-कादवा संगमावर नांदूरमध्यमेश्वर आहे. ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि शहरात नदीत सोडलेल्या माशाची वाट तिकडेच जाते. टाकीत मावेनासा झालेला सकर दुकानाला परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला द्यावा. रामकुंड, गंगापूर धरण, विहीर किंवा शेततळे यांपैकी कुठेही तो सोडू नये.