उघड्या अ‍ॅल्युमिनियमची झळाळी

गुलमर्गला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये 'स्नो स्कूटर'वरचा एक फोटो हमखास सापडतो. भाड्याची गाडी, दहा मिनिटांची फेरी. तिच्या पत्र्याकडे कोण बघतो? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात किंवा कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मात्र या गाड्यांचे, म्हणजे स्नोमोबाइलचे, जुने शौकीन आहेत. त्यांच्यात एक पंथ असाही आहे, की जो गाडी पळवण्याइतकाच तिचा पत्रा घासण्यात रमतो. हिवाळा संपला की त्यांचा हंगाम सुरू होतो.

या शौकाला माल पुरवला तो इतिहासाने. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावात कार्ल एलियसन यांनी 1924 मध्ये घसरगाडीला इंजिन जोडलं. क्वेबेकमधल्या वाल्कूर गावच्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांची हलकी, दोघांना नेणारी 'स्की-डू' 1959 मध्ये बाजारात आली आणि बर्फातल्या माणसाला घराबाहेर पडायला निमित्त मिळालं. 1970 च्या आसपास शंभराहून अधिक कंपन्या या धंद्यात होत्या. मग तेलाची टंचाई आली, बर्फानेही दगा दिला आणि बहुतेकांनी गाशा गुंडाळला; शेवटी चारच मोठ्या कंपन्या उरल्या. त्यातल्या यामाहानेही 2023 मध्ये हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या गोठ्यांत आणि गॅरेजांत पडून राहिल्या. त्याच आज बाहेर निघतात.

घासण्याची मुख्य जागा म्हणजे 'टनेल'. सीटखाली उलट्या पन्हळीसारखा वाकवलेला लांब पत्रा असतो, त्याच्या पोटातून रबरी पट्टा फिरतो. बहुतेक गाड्यांत तो अ‍ॅल्युमिनियमचा. हाच गाडीचा कणा आणि हाच पट्ट्याने उडवलेला बर्फ अडवणारा आडोसा. कारखान्यातून तो बहुधा रंगवलेला, अ‍ॅनोडाइझ केलेला (म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवलेला) किंवा साधा निस्तेज येतो. आरसा होऊन तो सहसा येत नाही, तो करावा लागतो.

आणि इथेच नवशिक्याची फसगत होते. त्याला वाटतं चकाकी डबीत मिळते. प्रत्यक्षात चकाकी म्हणजे ओरखडेच. फक्त इतके बारीक, की प्रकाश त्यांच्यावर विस्कटत नाही. रंग आधी काढायचा. अ‍ॅनोडाइझचा थर कठीण असतो, तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने उतरवतात. सोडा थर खाऊन झाला की थांबत नाही, खालचा धातूही खायला लागतो आणि हायड्रोजन सोडतो. म्हणून हे काम उघड्यावर, हातमोजे-चष्मा घालून आणि नजर न हटवता करायचं.

मग वॉटर पेपर. 220, 320, 400, 600 असं करत 1500 किंवा 2000 नंबरपर्यंत, सतत पाणी मारत. जाणते लोक प्रत्येक नंबराला दिशा बदलतात: आधीचा आडवा मारला तर पुढचा उभा. आडव्या रेघांपैकी एकही दिसेनाशी होईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. 320 ची एक रेघ राहिली, तर बफ, म्हणजे चकाकीचं कापडी चाक, लावल्यावर ती लपत नाही, उलट उठून दिसते. मग पुन्हा मागे. मला विचाराल तर या कामाचा सगळा कस पहिल्या तीन कागदांतच आहे. पुढचं त्या मानाने बरंच सोपं.

बफिंगला आधी कडक चाक आणि तपकिरी साबण (घासकणांची वडी), नंतर मऊ सुती चाक आणि पांढरा. एका चाकाला दुसरा साबण लागू द्यायचा नाही, कारण जाड कण मऊ चाकात अडकला की तोच ओरखडे काढत बसतो. पत्रा पातळ असल्याने चाक एका जागी थांबलं की तो तापतो आणि वेडावाकडा होतो. कडेपाशी चाक आतून बाहेर पळालं पाहिजे. उलट दिशेने कड सापडली, की सुटा तुकडा हातातून हिसकावून भिरकावला जातो. रिव्हेटांच्या कोपऱ्यांत चाक पोचत नाही, तिथे लाकडी काडीला फडकं गुंडाळून हाताने. फडकं काळंकुट्ट होतं. हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, खरवडलेला धातू आहे. त्या काळ्या लेपाखालून पत्र्यात आपला चेहरा दिसायला लागतो, तेव्हा खांदे भरून आलेले असतात.

ही चकाकी टिकते मात्र थोडीच. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा अतिपातळ थर बसतो. तो पारदर्शक, शिवाय संरक्षकही. खरा वैरी आहे मीठ. गाडी ट्रेलरवरून नेताना रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ उडतं आणि पत्रा पांढुरका पडून टोचे पडतात. लाख मारावी, तर ओरखडा पडल्यावर ती तिथून सुटते. वॅक्स आणि दर हंगामाला पुन्हा हात फिरवणं, हाच उपाय.

विस्कॉन्सिनच्या ईगल रिव्हरला 1964 पासून शर्यती भरतात आणि तिथे जुन्या गाड्यांनाही मान आहे. अशा ठिकाणी वाद ठरलेला: कारखान्याने कधी न दिलेली चकाकी द्यावी का? माझं मत असं की मूळ रंगासकट वाचलेल्या दुर्मिळ गाडीला कागद लावणं हा अत्याचार आहे. ज्या टनेलचा रंग आधीच गेलाय, तो खुशाल घासा.

घासायला बसलात, तर दोन गोष्टी पाळा. बहुतेक गाड्यांचा ओळख क्रमांक टनेलच्या उजव्या अंगावर ठोकलेला असतो. त्याला हात लावू नका, तो पुसला तर गाडीची मालकी सिद्ध करणं अवघड होतं. आणि अ‍ॅल्युमिनियमची कोरडी भुकटी लोखंडाच्या ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्यावर हे काम करू नका. ती पेटली तर पाणी ओतायचं नाही, कोरडी वाळू टाकायची.