अख्खा अल्बम ऐकताना

१९६७ साली एच.एम.व्ही.ने काढलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस आहे. अहिरभैरवाने पहाट होते, पुढे पिलू, संध्याकाळी भूप, मग देस आणि शेवटी पहाडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांची ही मोट बांधली जी. एन. जोशींनी, मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या पिढीतले गायक ते हेच. आज हा अल्बम मोबाइलवर ‘शफल’ करून लावला, तर एकही सूर गाळला जात नाही. पण पहाटेआधीच रात्र येते आणि मेंढपाळाचा दिवस मोडतो. क्रम हाही संगीताचाच भाग आहे, आणि अख्खा अल्बम ऐकण्याचा आनंद मुख्यतः त्या क्रमाचा आहे.

क्रमाला ऐसपैस जागा मिळाली ती तंत्रामुळे. ७८च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. १९४८मध्ये अमेरिकेत कोलंबियाने एल.पी. आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. अमीर खाँसाहेबांच्या गाजलेल्या एल.पी.त एकीकडे मारवा आहे, दुसरीकडे दरबारी. मारव्यात षड्ज इतका लांबणीवर टाकला जातो की कान त्याच्यासाठी आसुसतो; मग दरबारीतला आंदोलित गंधार अधिकच खोल उतरतो. मराठीत १९७४च्या ‘शिवकल्याण राजा’त समर्थ रामदास, कवी भूषण आणि कुसुमाग्रज अशा निरनिराळ्या काळांतल्या कवींच्या रचना बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या निवेदनाने एका सूत्रात ओवल्या. सुटी गाणी आजही लागतात, पण ते सूत्र अख्ख्या अल्बममध्येच सापडतं.

यावर कुणी म्हणेल, अल्बम हा शेवटी कंपन्यांचा धंदा. दोन चांगली गाणी आणि बाकी भरताड. कित्येक कॅसेटींच्या बाबतीत हे खरंच होतं, आणि तसले अल्बम पूर्ण ऐकण्याची सक्ती कुणी करू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांतही राग उभा केलाच ना? केला, पण ती काटछाट त्यांची स्वतःची होती. आज ती ऐकणाऱ्याच्या अंगठ्याकडे आली आहे. स्पॉटिफाय तीस सेकंदांनंतर गाणं ‘ऐकलं’ असं मोजतं. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तनही तेवढ्यात पुरं होत नाही. २०२१मध्ये गायिका अडेलच्या आग्रहावरून याच कंपनीने अल्बमच्या पानावरचं ठळक शफल बटण मागे घेतलं. हवं त्याला शफल आजही करता येतं. फक्त आता कलावंताचा क्रम आधी समोर येतो.

हा सगळा जुन्याचा सोस, असंही म्हटलं जातं. अमेरिकेत २०२०मध्ये तबकड्यांच्या विक्रीतून सीडीपेक्षा जास्त पैसा आला, त्यात हौसेचा वाटा असणारच. पण पूर्ण ऐकायला तबकडी लागत नाही; फोनवर तोच अल्बम आहे आणि वेळ चाळीसेक मिनिटांचा. प्लेलिस्ट बहुधा आपल्या आधीच्या आवडीच्या आसपासच फिरते. अल्बममध्ये मात्र जे गाणं आपण एरवी पुढे ढकललं असतं, तेही वाट्याला येतं, आणि पुष्कळदा तिसऱ्या ऐकण्यात तेच सर्वांत जवळचं वाटू लागतं. आवड रुंदावते ती अशी, दुसऱ्याच्या निवडीला थोडा वेळ मान दिल्याने.