कोर्लईची कार्मेल माता आणि तिच्या लेकरांची बोली

अलिबागजवळच्या नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकून चौलवरून रेवदंड्यात शिरताना रस्ता जुन्या तटबंदीतून जातो. 1521 मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे पाय रोवले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन या सगळ्यांनी तटाच्या आत आपापले मठ बांधले. आज त्यांचे भग्न मनोरे माडांत उभे आहेत. त्या पोर्तुगीज राजवटीत जन्मलेली भाषा मात्र जिवंत आहे, ती कुंडलिका खाडीपलीकडे, कोर्लईत.

कोर्लईचा डोंगरी किल्ला पोर्तुगीजांनी 1594 मध्ये निजामशाहीकडून घेतला. पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती वाढली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पुढच्याच वर्षी चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आले. सत्ताधारी निघून गेले. इथले गोरगरीब ख्रिस्ती कुठे जाणार? ते राहिले, आणि त्यांच्यासोबत त्यांची बोली राहिली. 'नॉलिंग' म्हणजे आपली भाषा, असे ते तिला म्हणतात.

शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या वळणाचे: क्रियापद शेवटी. आपणही चावी, पगार, बटाटा, घमेले, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडूनच घेतले. कोर्लईकरांनी अख्खी भाषाच घेतली आणि ती आपल्या मातीत रुजवली. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी इथे राहून अभ्यास केला आणि 1996 मध्ये या बोलीवर ग्रंथ लिहिला. बोलणारे आहेत हजाराच्या आत-बाहेर.

एवढ्याशा लोकांत ती टिकली कशी? धर्मामुळे हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांशी सोयरीक नव्हती, जातीमुळे इतर ख्रिस्त्यांशीही नव्हती. या एकटेपणात दुःख होते, हे विसरू नये. पण त्याच एकटेपणात माउंट कार्मेलचे चर्च गावाचे केंद्र झाले. 1960 च्या दशकापर्यंत पोर्तुगीज जाणणारे पाद्री येत राहिले आणि घरातल्या बोलीला देवळातल्या भाषेचा आधार मिळत राहिला. मला तर वाटते, किल्ल्याच्या तोफांपेक्षा या वेदीनेच कोर्लई अधिक काळ राखले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली. ते योग्यच झाले. प्रार्थना कळली पाहिजे. शाळाही मराठी, बाजारही मराठी. आता बोलीचा सगळा भार घरावर आला आहे, चुलीपाशी बसून नातवंडांशी बोलणाऱ्या आज्यांवर. तिला लिखित परंपरा नाही, म्हणून जे बोलले जाणार नाही ते हरवेल.

अलिबाग-नागावला येणाऱ्यांनी एक दिवस साळावचा पूल ओलांडावा. किल्ला चढाच, पण उतरल्यावर गावात थांबून, परवानगी घेऊन, दोन वाक्ये नॉलिंगमध्ये ऐका. 16 जुलैला, कार्मेल मातेच्या सणाच्या दिवशी गेलात तर फारच उत्तम.