बादली, मग आणि कौन्सिलचा फॉर्म

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी मी सपोर्ट वर्कर म्हणून काम करते. या कामात सगळं अडतं ते नीड्स असेसमेंटवर, म्हणजे गरजांच्या पाहणीवर. २०१४ च्या केअर अॅक्टनुसार स्थानिक कौन्सिल ती मोफत करते. जेवण, स्वच्छता, कपडे, घरातली सुरक्षितता, नाती अशा १० बाबी बघतात. त्यांतल्या दोन किंवा जास्त जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर मदतीचा हक्क मिळतो.

एका गुजराती घरात मी अशा पाहणीला बसले होते. मुलगा तिशीतला. ‘आंघोळ स्वतः करतो?’ सोशल वर्करने विचारलं. ‘हो, सगळं करतो,’ आई म्हणाली. परक्यासमोर पोटच्या पोराचं उणं कोण सांगणार? प्रत्यक्षात विसण घालते ती, पाठ चोळते ती. तो मगाने आधी पायांवर पाणी घेतो, मग खांद्यांवर. ‘डोळे मीट’ असं आईने म्हटल्याशिवाय डोक्यावर घेत नाही. फॉर्मवर मात्र ‘मदतीची गरज नाही’ असं लिहिलं गेलं.

पुढे आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याला काही दिवस एका निवासी केंद्रात ठेवलं. तिथे शॉवर. डोक्यावर एकदम पाणी आल्यावर तो किंचाळला, त्याने कर्मचाऱ्याला ढकललं. नोंद झाली ‘आक्रमक वर्तन’. मी बादली आणि मग नेऊन दिला, डोळे मिटायची खूण शिकवली; तो शांतपणे न्हाला. ती नोंद मात्र फाइलमध्ये तशीच राहिली, आणि याचा मला आजही संताप येतो.

‘आशियाई लोक आपल्या माणसांचं आपणच बघतात’ हा समज इथे फार जुना आहे. त्यापायी मदत उशिरा येते, आणि खुद्द त्या माणसाला तर कुणी विचारतच नाही. या मुलाला काय हवं ते विचारायला आम्ही चित्रांची कार्डं मांडली, तेव्हा त्याने बसचं कार्ड उचललं, परत ठेवलं आणि पुन्हा उचललं. त्याला बाहेर जायचं होतं. आईलाही ते नवीन होतं.

विषमता आकड्यांतही दिसते. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या रेस अँड हेल्थ ऑब्झर्व्हेटरीच्या २०२३ च्या अहवालानुसार, बौद्धिक अक्षमता असलेल्या गोऱ्यांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय ६२, तर अल्पसंख्याक वंशांच्या लोकांचं ३४.

इंग्लंडमध्ये तुमच्या नात्यात असं कुणी असेल, तर पाहणीच्या वेळी दुभाषी मागा. सांभाळणाऱ्याचीही वेगळी पाहणी होते, तीही मागा. आणि ‘सगळं जमतं’ म्हणू नका. सर्वांत अवघड दिवशी काय काय करावं लागतं, ते सांगा.