कंस गोल की चौकोनी?

मागच्या व्याख्यानात आपण असमानतेची चिन्हं पाहिली. आज तीच गोष्ट अंतरालाच्या भाषेत लिहू. विषय हायस्कूलच्या बीजगणिताचा आहे. पण उदाहरण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलंच घेऊ.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाचा गाभा असा: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं. या वरच्या धरणांत आपली मुळा आणि भंडारदरा येतात. म्हणजे राहुरी-नेवाशाचा, संगमनेर-श्रीरामपूरचा ऊस आणि तिकडे मराठवाड्याची तहान, दोन्ही एका असमानतेवर टेकलेली आहेत.

साठ्याची टक्केवारी 'क्ष' मानू. पाणी सोडायचं, जेव्हा ० ≤ क्ष < ६५. अंतराल झालं [०, ६५). चौकोनी कंस म्हणजे टोक आत, गोल कंस म्हणजे टोक बाहेर. सोडायचं नाही, ते अंतराल [६५, १००].

आता समजा, ६५ पाशी आपण दोन्हीकडे गोल कंस घातला. साठा बरोबर ६५ भरला, तर नियम मुका! दोन्हीकडे चौकोनी घातला, तर 'सोडा' आणि 'सोडू नका' एकदमच. तर्कशास्त्रात यालाच व्याघात म्हणतात. म्हणून एक गोल, एक चौकोनी.

कुणी विचारेल, सरळ [०, ६४.९] का लिहू नये? कारण ६४.९५ कुठे जाईल? ६५ पेक्षा लहान कोणतीही संख्या घ्या, तिची आणि ६५ ची सरासरी काढा. ती पहिलीपेक्षा मोठी, तरी ६५ हून लहानच. म्हणजे या अंतरालाला हद्द आहे, पण शेवटची संख्या नाही. गोल कंस नेमकं हेच सांगतो. आणि ६४.९६ ला कागदावर '६५.०' करून टाकलं, की पाण्याचा निर्णयच उलटतो!

अनंताला मात्र नेहमी गोल कंस, कारण ती संख्याच नव्हे. तिथे पोचणार कोण? मतदाराचं वय किमान १८ वर्षं: [१८, ∞).

आता एक गणित. ३क्ष − ५ < १०. दोन्हीकडे ५ मिळवू: ३क्ष < १५. तीनने भागू: क्ष < ५. उत्तर (−∞, ५).

पुढच्या वेळेपर्यंत −२क्ष ≤ ६ सोडवून ठेवा. ऋण संख्येने भागताना चिन्ह फिरतं, आणि कंस कुठला, हे मात्र आपलं आपण ठरवा.