सोलर माळ आणि दक्षिणायन

१ नोव्हेंबर २०२४. आमच्या रेडिंगच्या घरी लक्ष्मीपूजनाची गडबड चालली होती. सासूबाई सांगलीहून पहिल्यांदाच इथे दिवाळीला आल्या होत्या. दारात आकाशकंदील आणि कुंपणावर शंभर दिव्यांची सोलर माळ. "आई, वायर नको, विजेचं बिल नको," असं मी त्यांना आधीच कौतुकानं सांगून ठेवलेलं. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळला, माळ लागली आणि पाहुणे यायच्या आत विझलीसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, याहून पणती जास्त टिकते की!"

मला लागलं ते वेगळंच. मी भूगोलाची एम.ए.! सांगलीत नववी-दहावीच्या मुलांना दक्षिणायन फळ्यावर काढून शिकवलेलं, आणि स्वतःच्या अंगणात ते विसरले. त्या दिवशी सांगलीत भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर असतो. इथे जेमतेम २४. दिवसही पावणेदहा तासांचा. मी माळेचं पॅनेल कुंडीत आडवं, आभाळाकडे तोंड करून ठेवलं होतं. म्हणजे लख्ख ऊन पडलं असतं, तरी भरदुपारी त्याचा चाळीस टक्केच भाग त्याच्या पदरात पडला असता. त्यातून आठवडाभर मळभ!

तेव्हा पहिली गोष्ट, पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे करा आणि ते जवळजवळ उभं, ६५ अंशांच्या आसपास तिरकं लावा. कुंपणाची किंवा शेजारच्या घराची सावली दुपारी कुठवर येते, ते एकदा बाहेर जाऊन बघा. जूनमध्ये जिथे ऊन असतं, तिथे नोव्हेंबरात नसतं. पॅनेलवरचा पातळ प्लॅस्टिकचा कागद काढायचा राहतो (आमचा महिनाभर तसाच होता), आणि बऱ्याच माळा मागचं बटण चालू असल्याशिवाय चार्जच होत नाहीत. पॅनेल हाच माळेचा डोळा. त्याला अंधार दिसला की दिवे लागतात, म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली ती लागत नाही. दुकानातून आणल्यावर पॅनेल तळहातानं झाकून बघा, लगेच कळेल.

विकत घेताना दिव्यांच्या आकड्याला भुलू नका. पॅनेल तेवढंच असेल, तर दोनशेपेक्षा पन्नास दिव्यांची माळ जास्त वेळ टिकते. पावसासाठी खोक्यावर निदान आयपी४४ हवं, आयपी६५ असेल तर उत्तम. सेल बदलता येतो का, हे मात्र नक्की पाहा. पुष्कळ माळांत १.२ व्होल्टचा, पुन्हा चार्ज होणारा एए सेल असतो आणि दोनेक वर्षांत तो थकतो. तेवढा बदलला की माळ पुन्हा नवी. त्या जागी घड्याळातला साधा सेल घालू नका, तो चार्ज व्हायला केलेला नसतो, फुटून गळतो. जास्त क्षमतेचा सेल घातला म्हणजे माळ जास्त चालेल, असंही नाही; इवलंसं पॅनेल हिवाळ्यात त्याला भरणार कुठून? आता काही माळांना यूएसबीची सोय असते. आपल्या दिवाळीसाठी मी तीच घेईन, चार पौंड जास्त पडले तरी.

आमच्या माळेला ती नव्हती. पाडव्याच्या रात्री मी तिचा सेल काढला आणि लेकीच्या खेळण्यांच्या चार्जरमध्ये स्वयंपाकघरात लावून ठेवला. सासूबाई चकलीचा डबा बंद करता करता बघत होत्या. "म्हणजे शेवटी विजेवरच ना?" "हो आई, एका सेलपुरती." भाऊबीजेच्या संध्याकाळी माळ पाचला लागली ती ओवाळणी, जेवणं, पत्ते सगळं उरकून आम्ही अकराला पडदे ओढले तेव्हाही चालूच होती.

आता वसुबारसेच्या आदल्या रात्री सांगलीहून फोन येतो. फराळाची चौकशी नंतर, आधी प्रश्न: "सेल चार्जिंगला लावलास का?"